निळा पंप गाठ सैल करतो, पण नाडी आवळतंय कोण?

(या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे घाईत गेलं, ते इथे थोडं सावकाश मांडलंय.)

इअरफोन लावलेत ना? आज विषय श्वासाचा आहे, म्हणून सुरुवातीला एक छोटी गोष्ट करा. नाकाने लांब श्वास घ्या. आता तोंडाने सावकाश सोडा. ज्यांना काहीच वेगळं वाटलं नाही, त्यांना आजचा एपिसोड माहिती म्हणून कामाला येईल. आणि सोडताना ज्यांच्या छातीत बारीक शिट्टी वाजली, त्यांच्यासाठीच मी तो केलाय.

मध्यंतरी एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. मुलगा कॉलेजला आहे, लहानपणापासून दमा आहे. म्हणतो, "ताई, माझ्याकडे दोन पंप आहेत. निळा मारला की पाच मिनिटांत छाती मोकळी होते. दुसरा डॉक्टर रोज घ्यायला सांगतात, पण त्याने काहीच जाणवत नाही. मग तो कशाला घेऊ? निळ्यावर भागतंय की."

"निळ्यावर भागतंय की" हे वाक्य मी स्वतः चार वर्षं जगलेय. मलाही दमा आहे. एका दिवाळीत रात्री अडीच वाजता मी पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसले होते. निळा पंप किती वेळा मारला ते मोजायचंही सोडून दिलं होतं. आईने विचारलं, "काय गं, काय होतंय?" आणि मला एक अख्खं वाक्य बोलता आलं नाही. दोन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. पुढचे तीन दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. तिथल्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, "रोजचा पंप शेवटचा कधी घेतला होतास?" मला आठवेना.

तेव्हा मला वाटायचं की दमा म्हणजे अधूनमधून येणारा झटका. झटका नाही, म्हणजे दमा नाही. पण दोन झटक्यांच्या मधल्या शांत दिवसांतही श्वासनलिकेच्या स्नायूला सतत निरोप जात असतात, आणि त्या निरोपांनी तो स्नायू हळूहळू बदलत जातो. आज हेच बघायचंय: कोण निरोप पाठवतं, आणि स्नायू त्याचं काय करतो.

नळी आणि नाडी

घशाखालची मुख्य श्वासनलिका छातीत उतरते आणि तिचे दोन फाटे होतात. त्या प्रत्येकाचे पुन्हा दोन. असे साधारण २३ वेळा फाटे फुटत आपण वायुकोशांपर्यंत पोचतो. म्हणजे हवेच्या त्या चिमुकल्या पिशव्या, जिथे ऑक्सिजन रक्तात शिरतो.

यातल्या एका मधल्या आकाराच्या नळीची भिंत बघू. सगळ्यात आत पेशींचं अस्तर. त्याच्या खाली नळीला वेढून बसलेले स्नायूंचे पट्टे. हे अनैच्छिक स्नायू आहेत, आपल्या हुकमाने हलत नाहीत. पायजम्याची नाडी आठवा. नाडी सैल असली की नळी उघडी, आवळली की नळी बारीक.

आणि बारीक म्हणजे किती, हे महत्त्वाचं आहे. नळीतून हवा संथ वाहत असताना तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट नाही, थेट १६ पट होतो. त्यामुळे नाडी जराशी जास्त आवळली तरी फरक खूप मोठा पडतो. त्यात श्वास सोडताना या नळ्या मुळातच थोड्या मिटतात. म्हणून दम्यात आधी श्वास सोडायला त्रास होतो, आणि शिट्टीही बहुतेकदा सोडतानाच ऐकू येते.

पहिली काही मिनिटं

आता घराची साफसफाई करताना कुणीतरी जुनी गादी झटकली, असं समजा. गादीत धुळीचे सूक्ष्म किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात.

ॲलर्जीचा दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत मास्ट पेशी तयारीतच बसलेल्या असतात. त्यांच्या अंगावर आयजीई नावाच्या अँटीबॉडी असतात. धुळीतलं प्रथिन त्या अँटीबॉडींना चिकटलं की मास्ट पेशी आपलं पोतं रिकामं करते. त्यातून हिस्टामिन बाहेर पडतं. पाठोपाठ ल्यूकोट्राईन नावाची रसायनं तयार होतात, जी स्नायू आवळण्यात हिस्टामिनपेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान आहेत. तुमच्यापैकी काही जण रात्री मॉन्टेलुकास्टची गोळी घेत असतील, ती या ल्यूकोट्राईनचीच वाट अडवते.

ही रसायनं स्नायूपेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर बसतात. रिसेप्टर म्हणजे दारावरची बेल समजा. बेल वाजली की पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं सुटतं. कॅल्शियम वाढलं की एक एन्झाइम जागं होतं आणि ते मायोसिन नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतं. फॉस्फेट लागलं की मायोसिन शेजारचे धागे ओढायला लागतं. स्नायू आवळला.

निळ्या पंपात बहुतेकदा सॅल्ब्युटामॉल असतं. ते १९६९ मध्ये बाजारात आलं. ते स्नायूपेशीवरच्या वेगळ्याच बेलवर बोट ठेवतं. तिचं नाव बीटा-२ रिसेप्टर. आपलं स्वतःचं ॲड्रेनलिनही हीच बेल वाजवतं. ही वाजली की पेशीतलं कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैल पडतो. म्हणून पाच मिनिटांत मोकळं वाटतं. ते खरंच आहे, त्यात मनाचे खेळ नाहीत. पण हा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. आणि मुख्य म्हणजे, आवळायला सांगणाऱ्या मंडळींना सॅल्ब्युटामॉल फारसं हात लावत नाही.

मग सुरू होतात लांबचे निरोप

श्वासनलिकेचं अस्तर म्हणजे नुसती टाइल्सची भिंत नाही. धूळ, धूर किंवा सर्दीचा विषाणू लागला की अस्तरातल्या पेशी धोक्याचा भोंगा वाजवतात. या भोंग्याच्या रसायनांपैकी एकाचं नाव टीएसएलपी. तो ऐकून रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि त्या आपापले निरोप सोडतात. या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं इंटरल्यूकिन आणि पुढे एक नंबर अशी असतात. घाबरू नका, आपल्याला तीनच पुरे.

इंटरल्यूकिन-५ हा इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावतो आणि जगवतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हा शब्द तुम्ही वाचला असेल. या पेशी अस्तराची नासधूस करतात.

इंटरल्यूकिन-१३ एकाच वेळी दोन ठिकाणी काम करतो. अस्तराला सांगतो की चिकट कफ जास्त बनव. आणि थेट स्नायूपेशीलाही निरोप देतो.

इथे थोडं थांबू, कारण आजचा मुद्दा इथेच आहे. मघाशी मी सांगितलं की मायोसिनवर फॉस्फेट लागलं की स्नायू आवळतो. तो सैल व्हायचा तर ते फॉस्फेट काढायला हवं. पेशीत त्यासाठी दुसरं एन्झाइम असतं. त्याला ब्रेक म्हणू. आणि या ब्रेकला अडवून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्याचं नाव आरएचओ-ए. माणसाच्या श्वासनलिकेतल्या स्नायूपेशींवर आणि उंदरांवर प्रयोगशाळेत असं दिसलंय की इंटरल्यूकिन-१३ च्या संगतीत राहिलेल्या स्नायूपेशी हे आरएचओ-ए जास्त बनवतात. परिणाम काय? धुळीचा कण तोच, कॅल्शियमही तितकंच, पण स्नायू जास्त जोरात आवळतो आणि सुटायला वेळ लावतो. त्याचा ब्रेकच ढिला झालाय.

तिसरा इंटरल्यूकिन-१७. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यानेही उंदराच्या आणि माणसाच्या श्वासनलिकेच्या स्नायूचं आवळणं वाढवलं, आणि तेही याच आरएचओ-एच्या रस्त्याने.

म्हणजे बघा, हिस्टामिन स्नायूला म्हणतं, "आत्ता आवळ." सायटोकाइन म्हणतात, "पुढच्या वेळी कुणी सांगितलं की आणखी जोरात आवळ." पहिला निरोप आपल्याला लगेच जाणवतो. दुसरा अजिबात जाणवत नाही. त्या चार वर्षांत मला जे "बरं" वाटत होतं, त्या काळात दुसरा निरोप जातच होता.

एकच सूज, पण दमा एकालाच

तुम्ही म्हणाल, सूज आली की दमा होणारच, त्यात स्नायूचं वेगळं काय? याचं सुंदर उत्तर इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये दिलं.

त्यांनी दोन प्रकारचे रुग्ण घेतले. एक दम्याचे. दुसरे इओसिनोफिलिक ब्राँकायटिसचे. या दुसऱ्या आजारात खोकला असतो, श्वासनलिकेत इओसिनोफिल पेशींची गर्दी दम्यासारखीच असते, पण नळ्या दम्यासारख्या आवळत नाहीत. डॉक्टरांनी दोघांच्या श्वासनलिकांचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अस्तराजवळची सूज जवळजवळ सारखी. फरक सापडला तो स्नायूच्या पट्ट्यात. दम्याच्या रुग्णांमध्ये मास्ट पेशी थेट स्नायूच्या धाग्यांमध्ये जाऊन बसल्या होत्या. दुसऱ्या गटात आणि निरोगी माणसांत तिथे त्या जवळपास नव्हत्याच.

म्हणजे प्रश्न फक्त सूज किती हा नाही, निरोप देणारा बसलाय कुठे हाही आहे. रस्त्यावर फटाका फुटणं वेगळं आणि आपल्या खोलीत फुटणं वेगळं.

आणि स्नायू तरी बिचारा नुसता ऐकणारा आहे का? तर नाही. डिवचलेल्या स्नायूपेशी स्वतःही रसायनं सोडतात, जी इओसिनोफिल आणि मास्ट पेशींना जवळ बोलावतात. व्हॉट्सॲप ग्रुपसारखं आहे हे. कुणीतरी मेसेज टाकतो, दुसरा फॉरवर्ड करतो, आणि सुरुवात कुणी केली ते कुणालाच आठवत नाही.

नाडी जाड होते तेव्हा

ह्यूबर आणि केसलर या दोघांनी १९२२ मध्ये दम्याने मृत्यू झालेल्या रुग्णांच्या श्वासनलिका मोजून दाखवलं होतं की त्यांतला स्नायू जाड झालेला असतो. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची आहे. आज माहीत आहे की स्नायूपेशी आकाराने फुगतात आणि संख्येनेही वाढतात. दम्याच्या लहान मुलांतही हे दिसलंय. नाडी जाड झाली की दोन नुकसानं: एक, ती जास्त ताकदीने आवळते. दोन, ती स्वतःच जागा खाते.

यामागच्या निरोप्यांपैकी एक म्हणजे टीजीएफ-बीटा. जखम भरताना शरीर हाच वापरतं. तो पेशींना वाढायला आणि भोवती कोलॅजेनचे धागे घालायला सांगतो. जखमेत उपयोगी, श्वासनलिकेत मात्र भिंत जाड आणि ताठ.

यावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला विसरता येत नाही. सौम्य दमा असलेल्या ४८ जणांचे चार गट केले. एका गटाने धुळीतल्या किड्यांचं प्रथिन श्वासातून घेतलं. दुसऱ्याने मेथाकोलीन, जे थेट स्नायू आवळतं, ॲलर्जीची सूज न आणता. तिसऱ्याने नुसतं मिठाचं पाणी. चौथ्याने आधी सॅल्ब्युटामॉल आणि मग मेथाकोलीन, म्हणजे औषध तेच पण स्नायू आवळू दिला नाही. असं दोन-दोन दिवसांनी तीनदा केलं आणि आधी व नंतर श्वासनलिकेचे तुकडे तपासले.

पहिल्या दोन्ही गटांत अस्तराखालचा कोलॅजेनचा थर जाड झाला होता. मेथाकोलीनच्या गटात इओसिनोफिल वाढले नव्हते, तरीही! आणि ज्यांचा स्नायू आवळू दिला नव्हता, त्यांच्यात हा बदल झाला नाही. याचा अर्थ, नुसतं आवळणंसुद्धा भिंतीवर खूण ठेवून जातं. सूज स्नायूला आवळायला लावते आणि आवळणं भिंतीला बदलायला लावतं. चक्र पूर्ण.

आपल्याकडे "थोडी धाप सहन करायची, लगेच औषध नको" असं म्हणण्याची पद्धत आहे. माझी आजी तर सहनशक्तीचं कौतुकच करायची. पण सहन केलेली धाप फुकट जात नाही. श्वासनलिका तिचा हिशेब ठेवते.

मग रोजचा पंप काय करतो?

त्यात श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड असतं, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड. हे जिममध्ये शरीर कमावायला घेतात ते स्टेरॉइड नव्हे, हे आधीच सांगते. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दशलक्षाव्या भागांत असते, आणि औषध थेट नळीत उतरतं.

ते पेशीत शिरून तिच्या केंद्रकापर्यंत जातं आणि सायटोकाइन बनवणाऱ्या जनुकांचा आवाज खाली करतं. निरोप कमी, म्हणून गर्दी कमी, म्हणून स्नायू कमी चिडका. शिवाय ते बीटा-२ रिसेप्टर जास्त बनवायला लावतं. निळा पंप वारंवार मारला की हेच रिसेप्टर कमी होत जातात आणि तो पूर्वीसारखा चालत नाही. माझ्या त्या दिवाळीच्या रात्री काय घडत होतं, ते मला असं नंतर कळलं.

आता व्हॉइस नोटमधला शब्द आठवा: "काहीच जाणवत नाही." बरोबर आहे. निरोप थांबले हे जाणवणार कसं? जाणवतं ते दोन-चार आठवड्यांनी, न घडलेल्या गोष्टींतून. रात्री जाग आली नाही. जिना चढताना थांबावं लागलं नाही.

"पंपाची सवय लागते" हेही आपण घराघरांत ऐकतो. रोजच्या पंपाचं व्यसन लागत नाही. तो बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण आजार तिथेच होता. चष्मा काढल्यावर धूसर दिसतं, म्हणून चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणतो का? तोंडात पांढरे चट्टे येणं, आवाज बसणं हे त्रास होऊ शकतात. म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरायची, आणि स्पेसर दिला असेल तर तो वापरायचा.

ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची एकेक करून तपासणी झाली आणि तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. ज्यांच्या झटपट आराम देणाऱ्या पंपांची नोंद मिळाली, त्यातल्या ३९ टक्के रुग्णांना वर्षभरात १२ हून जास्त असे पंप लिहून दिले गेले होते. २०१९ मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना बदलल्या. मोठ्यांना आणि १२ वर्षांवरच्या मुलांना फक्त सॅल्ब्युटामॉलसारख्या औषधावर ठेवू नये, सोबत स्टेरॉइड हवंच, असं त्यांत आलं. आता बऱ्याच जणांना स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप देतात. तो गाठही सैल करतो आणि निरोपही थोपवतो.

हे आपल्यासाठी दूरचं नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजांनुसार जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त.

तीव्र दम्यासाठी आता थेट निरोप्यालाच अडवणारी इंजेक्शनं आहेत. मेपोलिझुमॅब इंटरल्यूकिन-५ ला पकडतं. ड्युपिलुमॅब इंटरल्यूकिन-४ आणि १३ यांची बेलच झाकतं. टेझेपेलुमॅब टीएसएलपीचा भोंगा बंद करतं. ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागत नाहीत. पण एकदा जाड झालेली नाडी पुन्हा बारीक करणं औषधांना अजून नीटसं जमलेलं नाही. म्हणून ती जाड होऊ न देणं हेच आपल्या हातात जास्त आहे.

तर, दादा, तुझं उत्तर

व्हॉइस नोटवाल्या भावा, निळा पंप फेकू नकोस. झटक्यात तोच जीव वाचवतो, खिशात असू दे. पण तो वर्षाला किती संपतात, ते मोज. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त संपत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. तो आकडा घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि पंप त्यांच्यासमोर मारून दाखव. मी कित्येक वर्षं चुकीच्या पद्धतीने मारत होते, अर्धं औषध जिभेवरच राहायचं.

आणि हे सगळ्यांसाठी: निळा पंप घेऊनही उतार पडत नसेल, एक वाक्य एका श्वासात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका. आधी हॉस्पिटल गाठा. कोणता पंप, किती, हे मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील, पॉडकास्टवाली ताई नाही.

मी काय करते? माझा रोजचा पंप टूथब्रशच्या शेजारी ठेवलाय. पंप, मग ब्रश, मग चूळ. गेल्या दिवाळीत रात्री अडीच वाजता मी झोपले होते. सकाळी आईच म्हणाली, "काल रात्री तुझा आवाज नाही आला." मीही तेव्हाच लक्षात घेतलं.

घरात कुणाला दमा असेल, तर त्यांना हा एपिसोड पाठवा. आजीलासुद्धा. प्रश्न असतील तर नेहमीसारखी व्हॉइस नोट टाका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!